दुकान वडिलांच्या नावाचे, कुळागर आजोबांच्या नावाचे

फोंडा तालुक्यातील एका गृहस्थांनी आपल्या घरची हकीकत विस्ताराने लिहून काही प्रश्न विचारले आहेत. त्यांचे वडील सहा वर्षांपूर्वी वारले. वडिलांनी स्वतः विकत घेतलेले घर आहे, त्याच्या तळमजल्यावर वडिलांच्याच नावाने चालणारे हार्डवेअरचे दुकान आहे आणि दुकान आता हे गृहस्थ व त्यांचे मोठे बंधू मिळून पाहतात. गावी कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग, आहे, पण एक-चौदाच्या (जमिनीच्या महसुली) उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव आहे. कुळागराच्या कडेला एक कुटुंब तीन पिढ्या राहत आहे. वडिलांनी मृत्युपत्र करून सर्व काही आपल्याला दिले, असे दादांचे म्हणणे आहे. ताईला डिचोलीला दिलेली आहे, त्यामुळे तिचा प्रश्नच येत नाही, असेही ते म्हणतात. दादांना कुळागर विकायचे आहे. त्यातच एका कंत्राटदाराने दुकानाच्या नावे दिलेला चेक परत आला आहे आणि प्रश्नकर्त्यांच्या मुलीचे लग्न ठरले आहे. आई हयात आहे.

सर्वांत तातडीचे आधी सांगतो. चेक परत आल्याचा मेमो बँकेकडून येऊन वीस दिवस झाले, असे आपण लिहिले आहे. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार करायची असेल, तर मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. नोटीस पोचल्यावर कंत्राटदाराला पैसे भरण्यासाठी १५ दिवस मिळतात आणि ते संपल्यावर एका महिन्याच्या आत तक्रार दाखल करावी लागते. तक्रारीला उशीर झाला, तर सबळ कारण दाखवून न्यायालयाकडून तो माफ करून घेता येतो; नोटिशीला झालेला उशीर माफ होत नाही. चेकवरील तारखेपासून तीन महिने उलटले नसतील, तर तो पुन्हा बँकेत टाकता येतो आणि पुन्हा परत आल्यास नव्या मेमोवरून नवी मुदत सुरू होते. तरीही माझा सल्ला असा की आपल्याजवळ उरलेल्या दहा दिवसांतच नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी आणि पोचपावती जपून ठेवावी. तक्रार ज्या शाखेत आपले खाते आहे, त्या शाखेच्या हद्दीतील न्यायालयात होते. कंत्राटदार मडगावचा असला तरी आपल्याला तिथे हेलपाटे घालावे लागत नाहीत.

अडचण निराळीच आहे. चेक दुकानाच्या नावाचा आहे आणि कागदोपत्री दुकानाचे मालक सहा वर्षांपूर्वी वारलेले आपले वडील आहेत. तक्रार चेक ज्याच्या नावे आहे त्यानेच करायची असते, त्यामुळे 'तक्रारदार कोण?' हा कंत्राटदाराच्या वकिलाचा पहिला प्रश्न असेल. म्हणून नोटीस आपण दोघे भाऊ, आई आणि ताई अशा सर्व वारसांच्या नावाने, दुकानाचा उल्लेख करून पाठवावी. आपण कंत्राटदाराविषयी विचारले खरे, पण त्याचे उत्तर शेवटी वडिलांच्या वारसाहक्कापाशी येऊन थांबते. माझ्या वकिलीच्या काळात घराचा, दुकानाचा किंवा जमिनीचा असा क्वचितच एखादा वाद आला असेल, ज्याच्या मुळाशी 'मालक कोण आणि त्याच्या जोडीने कोण?' हा प्रश्न नव्हता.

हा प्रश्न गोव्यात इतर ठिकाणांपेक्षा वेगळा का, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच उलगडणार नाही. वर्तमानपत्रांतून आणि दूरदर्शनवरून आपल्याकडे येणारी कायद्याची माहिती बहुतेक महाराष्ट्राची असते: हिंदू वारसा कायदा, वडिलोपार्जित मालमत्ता, मुलाचा जन्मतः हक्क. यांपैकी काहीच इथे लागू नाही. १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड १ जुलै १८७० पासून गोव्यात अमलात आला. मुक्तीनंतर संसदेने १९६२ च्या कायद्याने जुने कायदे चालू ठेवले आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा इथे कधी लागूच केला गेला नाही. वारसाहक्काचा भाग आता आपल्या विधानसभेने केलेल्या २०१२ च्या गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायद्यात आला आहे. तो २०१६ च्या डिसेंबरपासून अमलात आहे. त्याचा गाभा मात्र जुनाच आहे. हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान सर्वांना तोच लागू होतो.

त्या गाभ्यातील पहिली गोष्ट म्हणजे लग्न. लग्नाआधी नोटरीसमोर वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची सर्व मालमत्ता, लग्नाआधीची, नंतरची आणि वारशाने येणारीही, दोघांची सामाईक होते. निम्मी त्याची, निम्मी तिची. आईला घराचा अर्धा भाग वडील वारल्यामुळे मिळाला, असे आपण समजत असाल तर ते बरोबर नाही. तो लग्नाच्या दिवसापासून तिचाच होता. वडील वारल्यावर वारशाला उघडा झाला तो फक्त वडिलांचा अर्धा भाग.

आता मृत्युपत्र. ज्याला मुले आहेत, त्याला आपल्या हिश्श्याचा अर्धाच भाग मृत्युपत्राने मनाप्रमाणे देता येतो. उरलेला अर्धा मुलांसाठी राखीव असतो आणि तो सर्व मुलांना, मुलगा-मुलगी असा भेद न करता, सारखा जातो. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिचा हिस्सा कमी होत नाही. महाराष्ट्रात मुलीला बरोबरीचा हक्क मिळाल्याची चर्चा अलीकडची आहे. इथे आपल्या आज्यांच्या काळापासून कायदा हेच सांगत आला आहे. लोकांनी तो पाळला किती, ही गोष्ट वेगळी.

घराचे बारा भाग धरू. त्यांतले सहा आईचे. वडिलांच्या सहांपैकी तीन भाग ते मृत्युपत्राने दादांना देऊ शकत होते आणि राखीव तीन भागांतून तिघा भावंडांना एकेक. म्हणजे मृत्युपत्र पूर्णपणे खरे ठरले तरी दादांचे चार, आपला एक, ताईचा एक आणि आईचे सहा. 'सर्व काही मला' हे शब्द कागदावर असले तरी जादा दिलेला भाग कमी करून घेता येतो. मृत्युपत्र नसते तर तिघांचे दोन-दोन झाले असते. दादांचा विवाह सामाईक मालमत्तेच्या पद्धतीने झाला असेल, तर त्यांच्या चार भागांतले दोन वहिनींचे. आपल्या आणि ताईच्या बाबतीतही तोच नियम.

मृत्युपत्र खरे ठरेल की नाही, हेही आधी पाहायला हवे. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतलेले मृत्युपत्र महाराष्ट्रात चालते. गोव्यात चालत नाही. इथे ते विशेष नोटरीच्या पुस्तकात लिहिलेले जाहीर मृत्युपत्र असावे लागते, नाही तर लिहून बंद केलेले आणि नोटरीने त्यावर मान्यतेची नोंद केलेले. विशेष नोटरी म्हणजे कोर्टाच्या आवारात टेबल मांडून प्रतिज्ञापत्रांवर शिक्का मारणारे वकील नव्हेत. तो निबंधक कार्यालयातला अधिकारी असतो. दादांकडे कागद असल्यास त्यावर कार्यालयाचे नाव आणि पुस्तकाचा उल्लेख आहे का, ते पाहा. असल्यास मृत्यूचा दाखला दाखवून आपल्यालाही त्याची प्रत मिळू शकते. भांडण्याआधी कागद वाचला, तर निम्मी भांडणे होतच नाहीत, असा माझा अनुभव आहे.

ताईची सही लग्नाच्या वेळी शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर घेऊन ठेवली आहे, असे आपण शेवटी ओझरते लिहिले आहे. त्या कागदाला किंमत नाही. हयात माणसाच्या वारशाचा हक्क कोणाला आधीच सोडता येत नाही आणि त्या वेळी आपले वडील हयात होते. आता वडिलांच्या पश्चात ताईला हक्क सोडायचा असेल, तर तो विशेष नोटरीसमोर रीतसर दस्ताने किंवा न्यायालयात सोडावा लागेल आणि भावोजींची संमती लागेल. तसा त्याग केल्यास त्याचा लाभ सर्व सहवारसांना होतो. एकट्या दादांच्या पदरात हिस्सा टाकायचा असेल, तर ते बक्षीस ठरते आणि त्याचे परिणाम वेगळे. आई हयात असल्याने आईच्या अर्ध्या भागाविषयी मात्र ताईने आज काहीही लिहून दिले तरी ते चालणार नाही.

दादा वारंवार आईला बक्षीसपत्र करायला सांगत आहेत, हे वाचून काळजी वाटली. आई-वडिलांनी एका मुलाला विक्री करायची असेल, तर इतर मुलांची संमती लागते, असा इथला जुना नियम आहे. बक्षीस दिले तरी पुढे वाटणीत ते हिशेबात धरले जाते. आईला कोणाला झुकते माप द्यायचेच असेल, तर तिने स्वतः विशेष नोटरीकडे जाऊन आपल्या हिश्श्याच्या मोकळ्या अर्ध्या भागाचे मृत्युपत्र करावे. तो तिचा हक्क आहे आणि ते करताना मुलांपैकी कोणी शेजारी बसलेले नसावे.

कुळागराचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, कारण तिथे एक पिढी मागे जावे लागते. आजोबा-आजी दोघेही नाहीत आणि त्यांना आपले वडील व दोन मुली अशी तीन अपत्ये होती. म्हणजे वडिलांचा त्यात तिसरा हिस्सा, मग त्या हिश्श्यात वर सांगितलेली फोड. दोन्ही आत्यांपैकी एक वारली असल्याने तिची मुले आणि त्यांचे नवरे-बायका. आपण दिलेल्या माहितीवरून मी मोजले, तर कुळागराच्या विक्रीखतावर सोळा सह्या लागतात आणि त्यांतली एक लिस्बनला आहे. परदेशातील नातेवाइकाचे कुलमुखत्यारपत्र इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे लागते. नुसत्या मुखत्यारपत्रावर जमीन 'विकत घेता' येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. तरी अजून तसे व्यवहार करणारे दलाल आहेत. सर्व सोळा सह्या न घेता दादांनी 'माझ्या वाटणीची पूर्वेकडची बाजू' म्हणून विकली, तर तो व्यवहार टिकणार नाही, कारण वाटणी होण्याआधी सामाईक मालमत्तेचा ठरावीक तुकडा कोणाचाच नसतो.

उताऱ्यावर दादांचे नाव चढवून घेतले की झाले, असेही काहींना वाटते. एक-चौदाचा उतारा हा महसुली कागद आहे. १९६८ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे त्यातली नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी धरली जाते, पण त्याने मालकी निर्माण होत नाही. मालकीसाठी जुने दस्त, पोर्तुगीज काळातील जमीन नोंदणीचे डिस्क्रिप्शन (जमिनीचे वर्णन) व इन्स्क्रिप्शन (हक्काची नोंद) आणि मॅट्रिझची, म्हणजे कर आकारणीच्या वहीची, नोंद शोधावी लागते. ते पोर्तुगीजमध्ये असतात आणि त्यांचे भाषांतर करून घ्यावे लागते. आजोबांच्या नावे तशी नोंद असेल, तर ती आजच मिळवून ठेवा. मृत मालकांच्या नावावर वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या जमिनी बनावट जुन्या दस्तांच्या आधारे बळकावल्या गेल्याची इतकी प्रकरणे पुढे आली की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही बसवावा लागला.

उतारा हाती आला की कुळाच्या नावाचा रकाना पाहायला विसरू नका. तिथे कोणाचे नाव असेल, तर १९६४ च्या कूळ कायद्याचा आणि कुळाला जमिनीचा मालक ठरवणाऱ्या १९७६ च्या दुरुस्तीचा प्रश्न उभा राहतो आणि मग विकायला नेमके काय उरले हेच आधी ठरवावे लागते. कडेला राहणारे कुटुंब मुंडकार आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने घर करून राहिलेल्याला संरक्षण दिले आहे आणि घर व त्याच्या भोवतीची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्कही दिला आहे. भाडे देणारा किंवा पगारी नोकर म्हणून राहणारा मुंडकार ठरत नाही. त्याचा निर्णय मामलेदार करतात. दिवाणी न्यायालयात दावा लावून किंवा नळ-वीज तोडून तो होत नाही. तीन पिढ्या राहिलेल्या माणसाला घराबाहेर काढून जमीन 'मोकळी' करून देतो, असे कोणी सांगितले तर त्याला एक पैसाही देऊ नये. मी आपल्या जागी असतो, तर त्या कुटुंबाशी बोलून त्यांचे घर आणि भोवतीची जागा त्यांना रीतसर विकून टाकली असती. बाकीचे कुळागर त्यानंतरच खऱ्या अर्थाने मोकळे होते.

या सगळ्याची वाट एकच, ती म्हणजे इन्व्हेंटरी: मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याची न्यायालयीन कार्यवाही. आपल्याकडे या शब्दाला लोक घाबरतात. त्याआधी वारस कोण हे दाखवणारा वारसा दस्त विशेष नोटरीकडे करता येतो. बँकेला आणि उताऱ्यावर नावे चढवायला तो पुरतो, परंतु त्याने वाटणी होत नाही. वाटणी इन्व्हेंटरीत होते आणि ती वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात चालते. हयात पती किंवा पत्नी कुटुंबप्रमुख म्हणून शपथेवर मालमत्तेची यादी देते. जुने वकील या कुटुंबप्रमुखाला अजूनही 'कबेसा द काझाल' म्हणतात. यादीतल्या प्रत्येक वस्तूची किंमत ठरते, कर्जे मांडली जातात आणि मग वारस आपापसांत बोली लावतात, तिला लिसिटेशन म्हणतात. जास्त बोली लावणारा ती वस्तू घेतो आणि हिश्श्यापेक्षा जास्त गेलेल्या किमतीचे पैसे इतरांना देतो. बाहेरचा माणूस त्यात नसतो. वर्षानुवर्षे एकमेकांशी न बोललेले दोन भाऊ एकाच बाकावर बसून वडिलांच्या माडांवर बोली लावताना मी पाहिले आहेत. दोघांनाही आपण फसवले गेलो असे वाटले नाही, हे या पद्धतीचे मोठेपण मला वाटते. एकमत असल्यास बोलीचीही गरज पडत नाही. न्यायालय संमतीची वाटणी मान्य करते. दादांना कुळागर विकायचेच असेल, तर त्यांनी ते आधी लिसिटेशनमध्ये घ्यावे आणि मग स्वतःच्या व वहिनींच्या सहीने विकावे. वडिलांचा कोल्हापूरला एक गाळा आहे, असे आपण लिहिले आहे. तोही यादीत घालावा लागेल, कारण गोमंतकीयाची गोव्याबाहेरील भारतातील मालमत्ताही याच कायद्याने वाटली जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये ठरवले आहे.

दुकानाचा मालही यादीत येईल. परंतु दुकान तोवर थांबू शकत नाही, म्हणून त्याची व्यवस्था लगेच करा. वडिलांच्या नावाची जीएसटी नोंदणी त्यांच्या मृत्यूनंतर तशीच वापरत राहणे चूक होते. आपण नवीन नोंदणी घ्या, जुनी रद्द करा आणि शिल्लक इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) आयटीसी-०२ फॉर्मने नव्या नोंदणीकडे वळवता येईल का, ते आपल्या कर सल्लागाराकडून तपासून घ्या. दोघे भाऊ एकत्र चालवणार असाल, तर भागीदारीचा करार लिहा आणि फर्मची नोंदणी करा. नोंदणी नसलेल्या फर्मला १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ मुळे ग्राहकावर उधारीच्या वसुलीचा दावा लावता येत नाही. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असल्याने ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क आपल्याला आहे, असे कोणीतरी आपल्याला सांगितले आहे. तो हक्क माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी २०२१ पासून होते, पण ती प्राधान्याच्या कर्जापुरतीच. आयकराविषयी एवढेच की आयकर कायद्याप्रमाणे सामाईक पद्धतीच्या पती-पत्नीचे पगार सोडून इतर उत्पन्न निम्मे-निम्मे धरले जाते. दुकानाचा नफा आजवर आपण एकट्याच्या विवरणपत्रात दाखवत आला असाल, तर वहिनींच्या आणि आपल्या सौभाग्यवतींच्या नावे विवरणपत्र भरायला हवे होते.

मुलीच्या लग्नाबाबत फार काही नाही, पण वेळ चुकवू नका. मंगलाष्टका झाल्या म्हणजे गोव्याच्या कायद्याने विवाह झाला असे होत नाही. नागरी निबंधकाकडे आधी दोघांनी लग्न करण्याचा इरादा नोंदवायचा, ठरलेला काळ गेल्यावर पुन्हा जाऊन सह्या करायच्या, तेव्हा विवाह नोंदला जातो. जावई पुण्याचे आहेत, म्हणून लग्न कुठे नोंदवायचे हे आधी ठरवा. मालमत्ता वेगळी ठेवायची असेल, तर त्याचा करार विवाहापूर्वीच नोटरीसमोर व्हायला हवा. नंतर पद्धत बदलता येत नाही. वराकडच्यांना हा विषय काढणे अवघड वाटते, याची मला कल्पना आहे. तरीही इतर देण्याघेण्याच्या बोलण्यांपेक्षा हे बोलणे अधिक उपयोगाचे आहे.

इन्व्हेंटरीच्या अर्जात कुटुंबप्रमुख म्हणून आईचे नाव पहिले येईल. तिला फोंड्याच्या न्यायालयाच्या पायऱ्या चढवत नसतील, तर तिने मुखत्यार नेमावा आणि तो तिच्या पसंतीचा असावा. अर्ज करण्याआधी आपण, दादा आणि ताई तिघांनी तिच्यासमोर एकदा बसून वडिलांच्या नावाचे आणि आजोबांच्या नावाचे सर्व कागद एका ट्रंकेतून बाहेर काढावेत, आणि मृत्युपत्राची प्रत त्यांत असेल तर ती सर्वांत आधी वाचावी.